नळीतला साक्षीदार

मित्रांनो, तिसगावहून आलेल्या एका पत्राला आमच्या सरांनी तीन वर्षे उत्तर दिले नव्हते. मी एक जुने जनुक आहे, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीतला. ते पत्र माझ्यासमोर उघडले गेले, म्हणून ही हकीकत मीच सांगावी असे वाटते. नीट सांगता येईल की नाही, याची मात्र खात्री नाही.

पेशीत केंद्रक नावाची एक खोली असते. प्रथिने तिच्या बाहेर बनतात आणि त्यातली काही आत न्यावी लागतात. ती आत नेणारा हमाल कसा घडवायचा, एवढेच माझ्यात लिहिलेले आहे. त्यातले एक अक्षर चुकलेले आहे. थंडाव्यात माझा हमाल बरा चालतो. तापलेल्या अंगाइतकी उष्णता झाली की तो मोडतो, प्रथिने दाराबाहेर खोळंबतात आणि पेशीची वाढ थांबते. मी बिघडलो की काय काय अडते हे पाहूनच माणसांना माझे काम कळते. म्हणून मला जपतात.

नगरच्या एका कॉलेजात आमोस सरांनी मला काचेच्या नळीत सांभाळले. शेजारच्या नळीत माझा निर्दोष भाऊ होता. सरांची विद्यार्थिनी आराधना आम्हाला रोज पाहायची. माझी नळी उजेडात धरून म्हणायची, "ऊन वाढलं की हा कामाला नाही म्हणतो. अगदी आमच्या पप्पांवर गेलाय!" माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

एका मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद पडला. शिपाई आसाराम यांनी आम्हाला माठाच्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आमचा जीव वाचला, पण नळ्यांवरची शाईची नावे धुऊन गेली. सरांनी ती आठवणीने पुन्हा लिहिली आणि माझ्या आणि भावाच्या नावांची अदलाबदल झाली. मला तेव्हाच कळले. पण जनुकाला बोलता कुठे येते?

आराधनाचा प्रयोग उलटा आला. 'सदोष' लिहिलेली नळी उष्णतेत जोमाने वाढली, 'निर्दोष' लिहिलेली अडून राहिली. तिने जसे दिसले तसे वहीत लिहिले.

"नळ्या कुणी बदलल्या?" सरांनी परीक्षकांसमोर विचारले.

"मी नाही, सर. नावं वाचूनच घेतल्या."

"मग काय यीस्टने बदलल्या?"

परीक्षक हसले. आराधनाने वही मिटली. तिला संशोधनासाठी पुण्याला जायचे होते. सरांनी शिफारसपत्र दिले नाही. ती तिसगावला परतली आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली.

जूनमध्ये सरांनी स्वतः आम्हाला तपासले. मग त्यांना गोणपाट आठवले. त्यांनी नावे गुपचूप सुधारली, पण तिला कळवले नाही. उद्या कळवू, असे म्हणत राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घरी नेऊन फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवले. एके दिवशी ते मला ताज्या नळीत हलवत असताना ते पत्र आले. आराधनाच्या वडिलांचे, अँड्र्यू गुरुजींचे.

'आराधना गेल्या महिन्यात काविळीने गेली. पप्पा, मी नळ्या बदलल्या नव्हत्या, असे ती शेवटपर्यंत म्हणत होती. मला शास्त्र कळत नाही. माझी मुलगी खरे बोलत होती का, एवढेच कळवा.'

सरांनी उत्तरासाठी कितीतरी कागद घेतले आणि फाडले.

यंदाच्या मे महिन्यात आसाराम भेटायला आले. सर तेव्हा माझी नळी हातात घेऊन बसले होते.

"तिसगावला गेल्तो, सर. गुरुजींना आता दिसत न्हाई. पोस्टमन आला की इचारत्यात, नगरचं काय हाय का?"

सरांनी नळी पेनाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "मी आता लिहिलं, तरी ते वाचणार कसे?"

"शेजारची निकिता वाचून दावती. पर ती लई मोठ्यानं वाचती बगा. साऱ्या आळीला ऐकू जातं."

"साऱ्या आळीला?"

"व्हय. अन् सर, गोनपाट मी वलं केलं हुतं, त्यानंच नळ्यांवरली नावं धुतली. माझं बी नाव लिवा."

"नाही आसाराम. तुम्ही नळ्या वाचवल्यात. नावं मी लिहिली."

मित्रांनो, पुसलेले नाव कधी अंदाजाने लिहू नका. लिहिलेच आणि चुकले, तर कळेल त्या दिवशी सांगा. माझ्यातली चूक माझ्यापुरतीच राहते. सरांची चूक दुसऱ्याच्या नावावर राहिली आणि ते माणूसच निघून गेले.

सरांनी तीनच ओळी लिहिल्या. 'आराधना खरे बोलत होती. नळ्यांची नावे मी चुकवली. हे मला त्याच वर्षी कळले होते.' खाली पूर्ण नाव लिहिले, मोठ्याने वाचता येईल अशा सुवाच्य अक्षरात.

पेनासोबत माझी नळीही त्यांनी नकळत खिशात घातली आणि ते भर दुपारी निघाले. त्यांच्या छातीशी मी तापू लागलो. माझे हमाल एकेक करून मोडले, प्रथिने दाराशी खोळंबली. वाटेत सर दोनदा थांबले. पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी पत्रावरचा पत्ता एकदा वाचला. मग पत्र आत पडल्याचा आवाज आला.