उपाशी ठेवायची बुरशी

प्रयोगशाळेत सगळे तिला बुरशीबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला विषोबा. नावं ठेवणाऱ्यांचं काही फार चुकलं नव्हतं. सरकीत, म्हणजे कापसाच्या बीमध्ये, गॉसिपॉल नावाचं एक पिवळं विष असतं. या विषाचा नायनाट करणारी बुरशी वाढवण्यात बाईंचा जन्म चालला होता, आणि समोरच्याच खोलीत विषोबा तेच विष कणाकणाने काढून बाटलीत जपत होते. त्याच्या चिमूटभर मात्रेने काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांनी एकदा पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्या विषावर त्यांचा जीव जडला होता. जेवताना दोघं याच विषयावर भांडत, आणि भांडण झालं नाही की दोघांनाही जेवण अळणी लागे.

बाईंच्या आत्याचा कोंबड्यांचा धंदा होता. मागे एकदा भाचीच्या शब्दावर विसंबून आत्याने कोंबड्यांना सरकीची पेंड घातली होती. बुरशीने पेंडीतलं विष पुरतं फोडलेलंच नव्हतं. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अंड्यांचे बलक शेवाळी रंगाचे निघाले आणि गिऱ्हाइकं अंडी परत आणून देऊ लागली. या विषाने नराचं बीजही मरतं, त्यामुळे कोंबडा नुसता ऐटीत आरवायचा. खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसून बसून कंटाळल्या, पण पिल्लू काही बाहेर आलं नाही. आत्याने म्हणून भाचीशी बोलणं टाकलं नाही, उलट वाढवलं, आणि प्रत्येक बोलण्यात तो कोंबडा असे.

तरीही तिने आणखी एक संधी दिली होती. तिच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आता अंड्यावर येणार होत्या. त्याआधी पेंड आली तर ठीक. एकदा अंडी सुरू झाली की खाणं बदलणार नाही, आणि या खेपेलाही बलक हिरवा निघाला तर खुराड्याकडे फिरकायचं नाही, असं तिने बजावलं होतं. बाईंना दुसरं कोणी कोंबड्या द्यायला तयार नव्हतं. इतक्या वर्षांची मेहनत खरी की खोटी, ते आत्याच्या खुराड्यात ठरणार होतं.

म्हणून बाईंनी बुरशीला शिस्त लावली होती. खायला फक्त गॉसिपॉल, दुसरं काही नाही. खायचं तर हेच खा, नाहीतर बस उपाशी. बिचारी रोडावली होती, करडी पडली होती, पण विष खायला शिकली होती. तेवढ्यात बाईंना एका बैठकीसाठी परगावी जावं लागलं. जाताना त्यांनी विषोबांना सांगितलं, रोज एकदा नजर टाक, बाकी काही करू नकोस.

काही करू नकोस हे विषोबांना जमणारं नव्हतं. दारात आलेलं मांजर असो की पथ्यावर असलेले सासरे, उपाशी कोणी दिसलं की त्याच्यापुढे काहीतरी ठेवल्याशिवाय या माणसाला राहवत नसे.

बाई परतल्या तर बाटल्यांमध्ये बुरशी कापसासारखी पांढरीशुभ्र फुललेली. त्यांना आनंदाचं भरतं आलं. चारचौघांत त्यांनी नवऱ्याचं कौतुक केलं, आणि हे क्वचित घडत असल्यामुळे लोकांनी ते लक्षात ठेवलं. मग त्यांनी एक बाटली उजेडात धरली. बुरशीखालचं पाणी होतं तसं पिवळंधमक होतं. तपासणी केली, पुन्हा केली. बुरशीने विषाला तोंडही लावलं नव्हतं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीतलं तापमान, बुचं, भांडी, सगळं तपासून झालं. दुपारी चहाच्या टेबलाशी कोणीतरी कुरकुरलं, साखरेचा डबा रिकामा कसा? आणि एरवी अखंड बोलणारे विषोबा एकाएकी कपात बघू लागले.

"तू तिला साखर घातलीस?" बाईंनी विचारलं.

"अगं, फार बारीक दिसत होती."

बाईंना हसावं की रडावं कळेना. गोड मिळत असताना कडू कोण खाणार? आता ती लाडावली होती. साखर बंद केली तर फुगून बसली, विषाकडे बघेना. तिला पुन्हा ताळ्यावर आणायचं तर स्वच्छ धुतलेल्या बुरशीपुढे शुद्ध गॉसिपॉल ठेवायला हवं होतं, आणि बाईंकडचा साठा त्या साखरेच्या पाण्यात गेला होता. शुद्ध गॉसिपॉल आता एकाच ठिकाणी होतं, विषोबांच्या छोट्या बाटलीत. पेशींवरचा पुढचा प्रयोग त्यावरच व्हायचा होता. ती बाटली ते तळहाताच्या फोडासारखी जपत. बायकोलासुद्धा हातात देत नसत. बाईंनी ती मागितली नाही. इतक्या महिन्यांचं काम एका वाक्यात कसं मागणार?

संध्याकाळी विषोबा आपणहून बाटली घेऊन आले.

"ठेव ती," बाई म्हणाल्या. "तुझ्या पेशींचं काय?"

"पेशी थांबतील. तुझी आत्या थांबायची नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताने बाटली रिती केली. तळाचा कणसुद्धा चमच्याने खरवडून दिला. बुरशीने आधी आढेवेढे घेतले, मग निमूटपणे खायला सुरुवात केली. पिवळं पाणी फिकं होत गेलं, ती बुरशी वाफवलेल्या पेंडीत कालवली गेली, आणि तलंगा अंड्यावर यायच्या आत पेंडीची पोती आत्याच्या दारात पोचली.

बलकाचा रंग अंडी फ्रिजमध्ये राहिल्यावर बिघडतो, म्हणून आत्याने अंडी मुद्दाम ठेवून दिली. दोघांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत एकेक अंडं वाडग्यात फोडलं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. पहिला बलक पिवळा. दुसरा पिवळा. वाडगा भरला, तरी हिरवा एकही नाही. आत्याने वाडगा खिडकीशी नेला, तिरपा करून पाहिला, हुंगला. खोड सापडेना तेव्हा ती म्हणाली, "बरा आहे. जावईबापू, ऑम्लेट खाणार ना?" आत्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे सत्कारच. विषोबा मनापासून हसले आणि खायला बसले. बाईंनी आपलं ऑम्लेटही त्यांच्याच ताटात वाढलं. हा माणूस आपल्यासाठी रिकाम्या हाताने बसला आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कच्च्या सरकीचं पोतं समोरच्या खोलीत आणवलं आणि विषोबांच्या शेजारी ठाण मांडलं. सरकी फोडायची, भरडायची, गाळायची, सुकवायची. सहकारी दारातून डोकावून चिडवू लागले, बाई, तुम्ही विष संपवणाऱ्या की साठवणाऱ्या? बाई गाळणकागदाला चिकटलेली पिवळी पूड चमच्याच्या टोकाने सोडवत राहिल्या.

"हळू," विषोबा म्हणाले, "तेवढी राहिली तरी चालेल."

"नाही चालणार," बाई म्हणाल्या, आणि ती पूड त्यांनी बाटलीत टाकली.