थिजमुळी

"अगं, निदान बूट तरी काढ!" सासू ओरडली, पण ती बर्फाने भरलेल्या बुटांनिशी तशीच आत धावली. अंगणातच तिने कान टवकारले होते, आणि आतून खोकला ऐकू आला नव्हता. ज्या खोकल्याने झोप उडवली होती, तोच एकदा ऐकू यावा म्हणून जीव कासावीस झाला होता.

चुलीपाशी गोधडीत पडलेल्या लेकीला तिने उचलून छातीशी घट्ट धरलं. बारीकसा श्वास मानेला लागला.

"आहे गं बये, आहे!" सासू म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय. मी बरी जाऊ देईन तिला! मरणाला आधी माझ्याशी भांडावं लागेल."

तिला हसू आलं, मागोमाग रडू. डोंगरावर बर्फ उकरून औषधाची मुळी काढताना बोटं लाकडासारखी झाली होती. चुलीची ऊब अंगात शिरली, पोरीचं तापलेलं अंग पोटाशी आलं, आणि भिंतीला टेकल्या टेकल्या तिचे डोळे मिटले.

जाग आली ती लेकीच्या आवाजाने.

"आई, तुला किती छान वास येतोय."

तिच्या काळजाचं पाणी झालं. गोठलेल्या थिजमुळीला वास नसतो. मुळी उंबऱ्याबाहेर बर्फाच्या बादलीत ठेवायची, गोठलेलीच कुटून छातीवर लेपायची, हे त्यांच्या घरांत पोरं चालायच्या आधी शिकतात. वितळली की गोड वास सुटतो आणि गुण निघून जातो.

गळ्यातली मुळीची थैली तिने चाचपली. ओली, मऊ. दोघींच्या मधे, दोघींच्या उबेत विरघळलेली.

वास सासूलाही लागला. ती मटकन खाली बसली.

"मी तरी विचारायचं ना गं तुला."

"तुमचं काय त्यात, आई? कवटाळलं मी."

"वर मिळेल का अजून मुळी?"

"कड्यापलीकडे असेल. उद्या संध्याकाळपर्यंत येते."

"उद्या..." सासूने पोरीच्या धपापत्या बरगड्यांकडे पाहिलं.

ती उठू लागली तशी लेकीने तिची कॉलर मुठीत धरली. "नको ना जाऊ, आई."

तिचे पाय तिथेच रुतले. राहावं का इथेच? असंच, हिला घेऊन, शेवटपर्यंत?

सासू सरकत जवळ आली. "सोड राणी, आईला काम आहे," म्हणत तिने त्या मुठीतलं एकेक बोट हळूच सोडवलं.