मिठाचा हात

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गाबाइत्सेनं नवऱ्याच्या लापशीत मुद्दाम मीठ घातलं नाही. ओलेफिलेनं वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि वर म्हणाला, "छान झाली."

"मीठ नव्हतं त्यात," ती म्हणाली.

ओलेफिलेनं रिकामा वाडगा दूर सारला. थंडीत आलेल्या तापानं त्याच्या तोंडाची चव नेली, ती काही परत आली नव्हती. ही गोष्ट बायकोपासून लपवता येईल असं त्याला का वाटलं, कोण जाणे.

"उद्याच्या हंड्यांचं काय करणार?" तिनं विचारलं.

"करायचं काय त्यात? मीठ मीच घालणार."

त्यांच्या गावात स्वातंत्र्यदिनाचं मांस पुरुष शिजवतात. पाणी, मांस आणि मीठ, बाकी काही नाही. कांदा घालणाऱ्याला लोक वर्षभर चिडवतील. पहाटेपासून तीन पायांच्या काळ्या हंड्यांत मांस रटरटतं आणि हाडापासून सुटलं की लाकडी दांड्यानं कुटतात. मीठ मात्र एकाच हातानं पडायचं, दुसरा हात लागला की बिघडतं म्हणतात. तो हात ओलेफिलेचा. त्याचे केस काळे होते तेव्हापासून त्याचाच, आणि गावात त्याला जो मान होता तो याच हाताचा.

"तेबात्सोला सांगा की. सख्खा भाचा आहे तुमचा."

"तो ट्रक चालवतो. ट्रकच चालवू दे त्याला."

"अहो, इंग्रजसुद्धा गेले. तुम्ही कधी जाणार?"

यावर ओलेफिले उठून गुरांकडे गेला. बायकोनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पहिल्या स्वातंत्र्यदिनी तो पोरसवदा होता. इंग्रज साहेबानं स्वतःचा झेंडा उतरवला आणि त्याची घडी घालत बसला. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, पुन्हा उलगडायचा, पुन्हा जुळवायचा. कुणी मदतीला पुढे झालं तर त्याचा हात बाजूला सारायचा. नवा झेंडा वाट बघत होता, वारा सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकत होता. पुढे कित्येक वर्षं ओलेफिले घोंगडीची तशी घडी घालून दाखवायचा आणि लोक पोट धरून हसायचे. अलीकडे कुणी ती नक्कल मागत नव्हतं. त्या साहेबाला बघितलेले लोकच फारसे उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढच्या मैदानात माणूस मावत नव्हता. एका बाजूला बायकांच्या चुलींवर मका आणि कोबी शिजत होता, दुसऱ्या बाजूला पुरुषांचे हंडे. ओलेफिले सवयीनं एकेका हंड्यात मीठ टाकत गेला. जीभ गेली तरी हात शाबूत आहे, असं तो स्वतःला बजावत होता. शेवटच्या हंड्यापाशी तो मूठ भरून वाकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. तो ताठ उभा राहिला.

गाणं संपताच गावप्रमुखांनी "पुला!" अशी आरोळी दिली. पुला म्हणजे पाऊस. या कोरड्या मुलखात आनंदालाही तोच शब्द आणि आशीर्वादालाही तोच. सगळ्यांनी हात वर उडवले, ओलेफिलेनंही उडवला. हात खाली आला तेव्हा घामेजल्या तळव्याला चार खडे चिकटलेले होते.

मीठ आधीच हंड्यात पडलं होतं, की आत्ता वाऱ्यावर गेलं? त्याला काही केल्या आठवेना. दुसऱ्या कुणी जिभेला चमचा लावला असता आणि प्रश्न मिटला असता. त्यानं डाव भरून रस्सा फुंकला आणि एक घोट घेतला. गरम होता, एवढंच कळलं.

समोर तेबात्सो कुटायचा दांडा घेऊन उभा होता. मागे लोकांच्या ताटल्या वाजायला लागल्या होत्या. 'झालं, कुटा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पुन्हा मूठ टाकावी तर मांस खारट व्हायचं, न टाकावी तर अळणी राहायचं. तो पुन्हा डाव भरायला वाकला आणि तिथंच थांबला. त्याला घडी घालत बसलेला साहेब आठवला, आणि या खेपेला हसू आलं नाही.

"चाखून बघ," तो भाच्याला म्हणाला.

तेबात्सो गडबडला. मामानं आजवर कुणाच्या हाती डाव दिला नव्हता. त्यानं रस्सा चाखला, मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "झकास आहे, मामा. नेहमीसारखं."

ओलेफिलेचा जीव भांड्यात पडला. तो बाकाकडे निघाला आणि पंचा राहिला म्हणून वळला. तेबात्सो लोकांकडे पाठ करून मिठाच्या पिशवीत हात घालत होता. म्हणजे अळणीच होतं. आणि मामाची लाज राखायला पोरगं खोटं बोललं होतं. ओलेफिलेला आधी शरम वाटली. मग भाच्याबद्दल माया दाटून आली.

"तेबात्सो."

तेबात्सो मूठ मिटून उभा राहिला. "मामा, मी आपलं जरा..."

"चोरून कशाला टाकतोस?" ओलेफिलेनं पिशवी उचलली आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे उघडी धरली. "टाक. हात आता तुझा आहे, लोकांना दिसू दे."

शेजारच्या हंड्यांवरचं कुटणं थांबलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ओलेफिले, बरं नाही का रे?"

"बरा आहे. चव गेलीय तोंडाची, थंडीपासून." हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला की बायकांच्या चुलींपर्यंत ऐकू गेलं.

तेबात्सोनं मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं, आणखी चिमूटभर टाकलं. मग त्या हंड्यातही कुटायला सुरुवात झाली.

जेवणाच्या वेळी ओलेफिले पहिल्यांदाच म्हाताऱ्यांच्या ओळीत बसला. आत कुठेतरी फार दुखत होतं, आणि श्वास मात्र मोकळा झाला होता. गाबाइत्सेनं त्याच्या ताटलीत मका वाढला आणि काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, "मांस कसं झालंय?"

"तेबात्सोला विचार."

ती वाढायचं सोडून त्याच्याशेजारी टेकली. "साहेबापेक्षा लवकर उरकलीत घडी," ती हळूच म्हणाली.

ओलेफिलेनं मान हलवली आणि चव न लागणारं ते मांस शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.