दोन पिंजऱ्यांत एक वीत

नियम पाचवा: पक्षी मोकळे सोडण्याआधी आरसे आणि खिडक्यांच्या काचा झाका.

पाचवा आधी का? कारण घोटाळा त्यानं केला. पहिले चार वुकोसावाने इतके काटेकोर पाळले होते, की त्यांत सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

थोडं उरलंय.

नियम पहिला: नवे पक्षी तीस दिवस वेगळे ठेवा, रोग असेल तर कळतो. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंची ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती. वुकोसावाने तिसाचे चाळीस केले. बाळंतीण चाळीस दिवस घरात राहते, मेलेल्याचा आत्माही चाळीस दिवस घुटमळतो. सर्बियातल्या सबंध निश शहरात कुणी तिसाव्या दिवशी मोकळं झाल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

जुना पक्षी तिचा. त्सिले, सहा वर्षांचा लव्हबर्ड, जोडीदारीण गेल्यापासून स्वतःचीच पिसं उपटणारा. नवी जोडी पाचव्या मजल्यावरच्या रातोमिरची. तोही एकटाच, रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेला. तीन वर्षं तो तिसऱ्या मजल्यावर तिच्याकडे कॉफीला येत होता. वसंतात त्याने विचारलं, "मी खालीच राहायला आलो तर?"

ती म्हणाली, "माझ्या त्सिलेचं तुमच्या जोडीशी रक्त न सांडता जमलं, तर या."

'हो' म्हणायचं धाडस नव्हतं आणि 'नाही' म्हणायचं मनात नव्हतं. निर्णय पन्नास ग्रॅमच्या जिवावर ढकलून ती मोकळी झाली.

दुसरा आणि तिसरा एकत्र: पिंजरे शेजारी ठेवा, पण मध्ये एक वीत जागा सोडा, नाहीतर गजांतून बोटं चावतात. खाण्याच्या वाट्या समोरासमोर. दहा दिवस रातोमिर रोज नऊला पिंजरा घेऊन उतरायचा आणि बाराला घेऊन चढायचा. पक्षी एकमेकांकडे बघत दाणे टिपत. माणसंही कॉफी पीत, टेबलाशी, एक वीत सोडून.

चौथा: भेट कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या खोलीत. म्हणजे तिच्या नवऱ्याची, कैलासवासी दोब्रिवोयेची, तीन वर्षं बंद असलेली खोली. त्सिले तिथे कधीच गेला नव्हता. या तीन वर्षांत वुकोसावाही नाही.

आता पाचवा.

घरात तेवढं मोठं कापड एकच होतं, काळं. त्याचे तुकडे करून तिने कपाटाचा आरसा झाकला, खिडकी झाकली, एखादा निसटून बाहेर आलाच तर म्हणून दारातल्या बोळातला आरसाही झाकला. तिघांना आत सोडलं. दार लावून दोघं फटीला डोळा लावून बसली.

खाली अंगणात शेजारीण स्तोयांकाने मान वर केली. लख्ख ऊन आणि वुकोसावाच्या खिडकीला काळं कापड! तिच्याकडे जादा किल्ली होती. ती आत आली, बोळातला आरसाही झाकलेला पाहिला, घरात कुणी गेल्यावर झाकतात तसा, आणि हंबरडा फोडला.

"अगं माझे वुके! काल तर माझ्याशी भांडलीस गं!"

वुकोसावा धावत बाहेर आली. "कोण गेलं?"

"तू!"

"मी कशाला जाऊ?"

"मग आरसा का झाकलाय?"

"पक्ष्यांसाठी."

"पक्ष्यांसाठी? देवा, हिचं डोकंच गेलं!"

एव्हाना जिन्याने हंबरडा ऐकला होता. दुसऱ्या मजल्यावरचे तिहोमिरआजोबा राकियाची, फळांच्या घरगुती दारूची, बाटली घेऊन आले. मृतासाठी एक थेंब जमिनीवर सांडला, उरलेला पेला घशात ओतला आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

पण स्तोयांकाची नजर खाली गेली होती. पाहुण्याला सपाता देणं वेगळं. मागोमाग बाहेर आलेल्या रातोमिरच्या पायात दोब्रिवोयेच्या होत्या.

"हे इथे काय करतायत?" तिने विचारलं.

बंद दारामागे फडफड झाली. एक कर्कश किंकाळी. मग काहीच नाही.

वुकोसावाने दाराकडे पाहिलं. आधी दार उघडावं आणि मग बोलावं, असं चाळीस अधिक दहा दिवस ठरलेलं होतं. ती म्हणाली, "राहायला येतायत. पक्ष्यांसकट."

तिहोमिरआजोबांनी दुसरा पेला भरला. या वेळी थेंब सांडला नाही.

मग तिने दार उघडलं.

जोडी खुर्चीच्या पाठीवर एकमेकांना चिकटून बसली होती. त्सिले कपाटावर, एक पाय पोटाशी घेऊन, जगाकडे पाठ करून. कपाटाच्या पांढऱ्या कडेवर लाल ठिपका. एकच.

रातोमिरने तो पाहिला. आधी आपल्या मादीकडे बघितलं, अपराध्यासारखं. मग बोळात गेला, सपाता काढून नीट जोडून ठेवल्या आणि आपले बूट शोधू लागला.

वुकोसावाने त्सिलेच्या बोटावर चिमूटभर पीठ दाबून धरलं. रक्त थांबलं.

"कुठे निघालास?" ती आतूनच ओरडली.

"रक्त सांडलं," तो म्हणाला. "ठरलं होतं ना?"

"चिठ्ठी वाच. फ्रिजवर आहे. अगदी खालची ओळ."

तो मोज्यांवरच स्वयंपाकघरात गेला. स्तोयांका मागोमाग. त्याच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून तिनेच मोठ्याने वाचलं:

"काहींचं कधीच जमत नाही. अशांना कायम दोन पिंजऱ्यांत, एका खोलीत ठेवावं."

"मध्ये एक वीत," वुकोसावा आतून म्हणाली. "आणि पायात काहीतरी घाल. फरशी गार आहे."