वीसपर्यंत मोजताना

भिंगरी सकाळपासून डोक्याची डावी बाजू भिंतीवर आपटत होती, आणि आत्याने निदान करून टाकलं होतं: दाढ.

आत्याचं असंच होतं. नऊ वर्षांची भाची एक शब्द बोलत नसे, पण आत्याला म्हणे तिचं सगळं न सांगता कळायचं. पोरीने हात पुढे करायच्या आत पाण्याचा पेला हजर! दिवसभर शिवणयंत्र आणि तोंड सारख्याच वेगाने चालवणारी ही बाई भिंगरीच्या वाटचंही बोलून टाकायची. भाऊ-वहिनी दोन दिवस परगावी निघाले, तेव्हा भिंगरी ज्यावर बोट ठेवून बोलायची ते चित्रांचं पुस्तक वहिनीने हातात दिलं होतं. "ताई, हे तिच्याजवळच असू द्या." आत्याने ते पिशवीच्या तळाशी सारलं.

"दाढेत काही नाही," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात भिंगरीने नर्सच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि टेबलाच्या कडेवर डोकं हाणलं. भुवई फुटली.

"अशी मुलं करतातच असं," डॉक्टर वैतागले. "बाहेरून दोघा-तिघांना बोलवा. धरून झोपेचं इंजेक्शन देऊ."

आत्याने वहिनीला फोन लावला. काय काय झालं ते सांगितलं.

"पुस्तक काढा," वहिनी म्हणाली. "'दुखतंय'च्या चित्रावर तुमचं बोट ठेवा, मग शरीराचं पान उघडा आणि थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. तिला वेळ लागतो."

"अगं, पण दाढच आहे ती..."

"ताई, पाया पडते तुमच्या. तिला सांगू नका. विचारा."

दारात दोन वॉर्डबॉय येऊन उभे राहिले होते. "दोन मिनिटं द्या," म्हणत आत्या फरशीवर बसली. पिशवीच्या तळातून पुस्तक काढून 'दुखतंय'वर बोट टेकवलं, पान उलटलं. एक, दोन, तीन. भिंगरी कपाळावर मूठ मारत होती. सात. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. नऊ. "दाढ ना गं" हे शब्द अगदी ओठांवर आले. आत्याने ते गिळले. इतका वेळ तोंड मिटून ती आयुष्यात बसली नव्हती. तेरा. चौदा.

मूठ उघडली. बोट चित्रातल्या दातांवरून पुढे सरकलं आणि कानावर थांबलं.

"बोट लागलं असेल सहज," डॉक्टर म्हणाले.

पण भिंगरीने स्वतःच पानं उलटली. एक, दोन, पाच. मग बोट दाबून धरलं. तिथे किड्याचं चित्र होतं.

डॉक्टरांनी बॅटरी उचलताच भिंगरी किंचाळून कोपऱ्यात सरकली. वॉर्डबॉय पुढे झाला. "हात लावू नका तिला!" आत्या ओरडली. मग घाईघाईने चित्रं शोधली: डॉक्टर. बघणार. कान. पुन्हा मोजणं सुरू. अकराव्या आकड्याला उत्तर आलं: 'आधी'. आणि मग 'आत्या'.

डॉक्टरांनी क्षणभर दोघींकडे पाहिलं, मग मुकाट्याने गुडघ्यावर बसून आत्याचा कान तपासला. त्यानंतर भिंगरीने मान वाकडी केली.

"आहे," ते पुटपुटले. "जिवंत आहे अजून."

तेलाचे थेंब, आठ-दहा मिनिटांची घालमेल, आणि पिचकारीच्या कोमट पाण्याबरोबर तांदळाएवढा काळा भुंगेरा ताटलीत पडला. भिंगरीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी भुवईवर पट्टी लावली, ती तिने लावू दिली.

घरी परतताना टॅक्सीत आत्याला रडू आवरेना. चार तास! चार तास ते कानात वळवळत होतं आणि आपण दाढ, दाढ करत बसलो. तिने पुस्तक चाळलं. शेवटून दुसऱ्या पानावर 'चुकलं' सापडलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि मोजायला लागली.

वीस झाले. पुन्हा वीस झाले. भिंगरीने पुस्तक ओढून आपल्या मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत बसली.