भगवंतरावांचं चूप बसणं

सव्वीस डिसेंबरला पांढुर्ण्याच्या स्टेशनावर प्रेमलतेला निरोप द्यायला सत्तावीस माणसं आली होती. त्यांतली अकरा तिच्यासाठी, नऊ परदेशात जाणारी पोर दिसते तरी कशी हे पाहायला, आणि उरलेली सात भगवंतराव रडतात का हे पाहायला. ही सात माणसं निराश होऊन परतली. भगवंतराव रडले नाहीत. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते आणि एकदाच बोलले: "पाणी उकळून पेजो."

बोरगावात भगवंतरावांची साडेतीनशे संत्र्याची झाडं. त्या झाडांइतकंच त्यांचं न बोलणंही गावात प्रसिद्ध होतं. 'नाही' हा शब्द त्यांना येत असे, चांगला खणखणीत येत असे. आंगणात म्हटलेला रस्त्यावर ऐकू जाई. 'हो' मात्र त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. प्रेमलतेनं दहावीनंतर विचारलं, "बाबा, सायकल घेऊ का?" भगवंतराव सुपारी कातरत राहिले. आठ दिवसांत सायकल आली. "बाबा, नागपूरले शेतकी कॉलेजात जाऊ का?" भगवंतरावांनी वर पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. प्रेमलतेनं पेटी भरायला घेतली. मग फ्रान्सची शिष्यवृत्ती आली: संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो ना, तो डिंक्या रोग, त्याचंच शिक्षण, दोन वर्षांचं. तेव्हा भगवंतराव तीन दिवस चूप होते. केसरबाईंनी, प्रेमलतेच्या मायनं, तीन दिवस वाट पाहिली, 'नाही' आलं नाही, आणि चौथ्या दिवशी त्या लेकीसाठी स्वेटरची लोकर आणायला सौंसरला गेल्या.

जायच्या दिवशी केसरबाईंनी लेकीच्या केसांना तेल लावून कमरेखाली पोचणारी वेणी घातली, आणि इतकी घट्ट घातली की पोर म्हणाली, "माय, डोळे ताणून राह्यले."

"राहू दे. पॅरिसपर्यंत सुटाले नको."

पहिलं पत्र नऊ जानेवारीला आलं. पोस्टमन गजानन एरवी पत्र ओट्यावर टाकून पुढे जाई. त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून त्यानं पाणी मागितलं, पाणी पिऊन झाल्यावर हवापाण्याची चौकशी केली, आणि तरी कोणी पत्र फोडेना तेव्हा उघडच म्हणाला, "वाचा ना जी मोठ्यानं. इतक्या दुरून आणलं मी."

भगवंतरावांनी वाचलं. गावाचं नाव मोंपेलिए. खोलीला एक खिडकी, खिडकीत एक पाइनचं झाड. पाव इतका कडक की पहिल्या दिवशी हिरडीतून रक्त आलं. केस धुतले तर दोन दोन दिवस वाळत नाहीत. इथली माणसं भेटल्यावर गालाला गाल लावतात. वर्गातली एक मुलगी तसं करायला पुढे आली, तर मी मागे सरकले आणि छत्र्या ठेवायचा डबा पाडला. सगळे हसले. मीही हसले. मग खोलीत येऊन रडले.

"म्हंजे तब्येत बरी आहे," गजानन म्हणाला आणि ही बातमी घेऊन पुढच्या घरी गेला.

दुसरं पत्र चार दिवसांनी आलं. ते भगवंतरावांनी आधी मनात वाचलं, मग केसरबाईंना वाचून दाखवलं, मधला भाग गाळून. मधला भाग केसरबाईंनी नंतर स्वतः वाचला. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण लेकीच्या अक्षरासाठी ते पुरत होतं. लिहिलं होतं: रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे माहीत नव्हतं. दिवसभर तू दिलेल्या शेवटच्या दोन लाडवांवर राहिले. सोमवारी बाजारात संत्री दिसली, एकेक कागदात गुंडाळलेलं. एक घेतलं. साल सुटता सुटेना, माय. आपल्याकडे नख लावलं की सालीचा झगा उतरतो. इथं सुरी लागते. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी त्या संत्र्याशी भांडत होते आणि लोक बघत होते.

केसरबाई उठल्या. तांदळाच्या डब्यात त्यांनी पोस्टाचं परदेशी पाठवायचं कोरं निळं पत्र आधीच आणून ठेवलं होतं. ते झटकून त्यांनी नवऱ्यापुढे ठेवलं.

"लिहा."

"नाही," भगवंतराव म्हणाले. खणखणीत.

आणि मग, कधी नव्हे ते, त्यांनी कारणही सांगितलं. बगीचा तेव्हा ताणावर होता. अंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, पाहिजे असेल तर डिसेंबरात झाडाचं पाणी बंद करावं लागतं. महिना-दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं. पानं माना टाकतात, पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्याचा जीव कळवळतो. पण जो कळवळून मध्येच पाणी सोडतो त्याच्या झाडाला नुसता पाला येतो, फूल येत नाही. नेमक्या दिवशी पाणी सोडलं की तीन आठवड्यांत पांढरा बगीचा. हा नेमका दिवस भगवंतरावांइतका कोणाला कळत नसे. लोधीखेड्याचे बागवान येऊन त्यांना विचारत. भगवंतराव पान चुरगळून पाहत आणि बोटं दाखवत: चार दिवस, सहा दिवस.

"पोरीनं अजून मूळ धरलं नाही," भगवंतराव म्हणाले. "आपण लिहिलं की माय अशी रडते, गाय अशी पाह्यते, तर ते पाल्यावर जाईन. एक महिना कोणी काही लिहायचं नाही."

"ते काय संत्र्याचं झाड आहे?"

"झाडापेक्षा नाजूक आहे. म्हणूनच म्हणून राह्यलो."

केसरबाईंनी निळं पत्र पुन्हा तांदळात पुरलं.

तिसरं पत्र सतरा तारखेला आलं, शुक्रवारी. आठ ओळींचं. वर्गात काही कळत नाही. सरांनी काल आपल्या बगीच्याबद्दल विचारलं तर पाण्याला काय म्हणतात तेही आठवेना. बाबा, मला वाटतं माझी चूक झाली. गुरुवारी, तेवीस तारखेच्या विमानात जागा मिळते म्हणतात. येऊ का? तुम्ही म्हणाल तसं.

गजानन दोन पेले पाणी प्याला तरी हे पत्र मोठ्यानं वाचलं गेलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. भगवंतराव बगीच्यात जात, पानं चुरगळत, परत येत. केसरबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत. रविवारी दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "काय ठरवलं?"

"कायचं काय ठरवायचं? मी हो म्हटल्याबिगर ते पोरगी पाऊल उचलत नाही. मी काही बोलतच नाही. राहीन तिथं, लागीन मन."

केसरबाईंचा वरणाचा चमचा हवेत राहिला.

"प्रेमीचे बाबा," त्या हळू म्हणाल्या, "तुम्ही तिले हो कधी म्हटलं?"

"म्हंजे?"

"सायकलीले म्हटलं? नागपूरले म्हटलं? फ्रान्सले तीन दिवस चूप बसले, तर तिनं पासपोर्टासाठी फोटो काढला. या घरात तुमचं चूप बसणं म्हंजे हाव, अन् बोलणं म्हंजे नाही. तेवीस वर्षं तिनं हेच शिकलं. आता ते विचारून राह्यली, येऊ का. अन् तुम्ही चूप बसून राह्यले!"

भगवंतरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"ते तिथं रोज खाली येऊन पाहत असन," केसरबाई म्हणाल्या, "की तार आली का. नाही आली, म्हंजे बाबानं हो म्हटलं. गुरुवारी बसते विमानात."

भगवंतराव ताटावरून उठले, हात धुतले, टोपी घातली आणि मग त्यांना आठवलं की आज रविवार आहे, डाकखाना बंद. टोपी काढून ते ओट्यावर बसले. पोर मोंपेलिएच्या रविवारी बंद दुकानांपुढे कशी उभी राहिली असेल, हे त्यांना त्या दुपारी बरोबर समजलं. केसरबाईंनी आतून दोनदा पाहिलं. आयुष्यभर त्या माणसाला त्यांनी नेमका दिवस चुकलेला पाहिला नव्हता. रागवावं असं त्यांच्या मनात फार होतं, पण त्यांनी चहाच केला.

सोमवारी पहिल्या बसनं भगवंतराव पांढुर्ण्याला गेले. तार सौंसरहूनही गेली असती, आणि सौंसर जवळ. पण सौंसरच्या डाकखान्यात निम्मं बोरगाव रांगेत उभं असतं. तार मोंपेलिएला पोचायच्या आधी लोधीखेड्यात पोचली असती.

पांढुर्ण्याचे तारबाबू सुधाकर तिशीतले होते, आणि फ्रान्स हे नाव पाहून त्यांनी खुर्चीच पुढे ओढली.

"इंग्लिशमध्ये लिहू?"

"मराठीत."

"अक्षरं इंग्लिशच लागतील काका. बोल मराठी चालतील. सांगा."

भगवंतरावांनी घसा साफ केला. "येऊ नको."

सुधाकरांनी लिहिलं आणि वाट पाहिली. पुढे काही येईना.

"एवढंच?"

"एवढंच."

"काका, परदेशात एकटी पोरगी. हातात तार. तार म्हटलं की आधी मनात काय येते? अन् आत लिहिलं आहे, येऊ नको. ते समजंन घरी कोणी गेलं अन् लपवून राह्यले."

हे भगवंतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते हादरले. "मंग आधी लिहा, सगळे खुशाल."

"सगळे खुशाल. येऊ नको. बरं. आता काहून नको, ते?"

"ते तिले समजते."

"समजत असतं तर तिनं विचारलं असतं का?"

रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अदबीनं भिंतीवरची पिनकोडांची यादी वाचायला सुरुवात केली. भगवंतरावांनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. डिंक्या शिकून ये, असं लिहावं का? गाव हसेल, असं? घरी काय तोंड दाखवशील, असं? यांतलं एकही खरं कारण नव्हतं. पोर परत आली असती तर त्यांना इतका आनंद झाला असता की त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटत होती. खिडकीच्या लाकडावर नख घासत ते सुधाकरांना ऐकू येईल न येईल इतक्या हळू म्हणाले, "लिहा. तू जमवशील. मले माहीत आहे."

"बरं."

"अन् लिहा... घर सुनं आहे."

सुधाकरांनी मान वर केली नाही. चांगला तारबाबू अशा वेळी मान वर करत नाही. "मग 'येऊ नको'च्या आधी टाकू की नंतर?"

"नंतर. आधी टाकलं तर येईन ते."

बगीच्याला मात्र त्यांनी पुरा ताण दिला. पंचवीस तारखेच्या सकाळी, ठरल्या दिवशी, पंप सुरू केला. झाडाचं झाडाला, पोरीचं पोरीला. झाडं पत्र लिहून विचारत नाहीत.

गुरुवारही तोवर होऊन गेला होता. विमान सुटलं असेल. पोर आत होती की बाहेर, हे बोरगावात कोणाला कळणार? शुक्रवारी, शनिवारी, रविवारी केसरबाई दर बसच्या आवाजाला दारात येत. भगवंतराव येत नसत. ते आधीच दारात असत.

फेब्रुवारीच्या सहाव्या दिवशी गजानन आला. या वेळी त्यानं पाणी मागितलं नाही. लांबूनच ओरडला, "फ्रान्सचा ठप्पा आहे!" आणि भगवंतराव, ज्यांना कोणी कधी धावताना पाहिलं नव्हतं, सायकल थांबायच्या आत तिच्यापर्यंत पोचले.

मोठ्यानं वाचलं, यावेळी काहीही न गाळता.

पेटी भरून झाली होती बाबा. सोमवारी संध्याकाळपर्यंत तार नव्हती, म्हणजे तुमचा होकार, असं धरून मी चादरही घडी करून ठेवली. मंगळवारी खाली दारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मादामनं हाक मारली. तार कोणत्या भाषेत आहे हे तिला कळेना, म्हणून ती जिन्याशी उभी राहून एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचत होती. साग्ले कुशाल. येऊ नाको. मुली दारं उघडून बाहेर आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या. मी जिन्यात बसून हसत होते आणि रडत होते. तुमचा आवाज कधी इतका वेळ ऐकला नव्हता बाबा, आणि ऐकला तो तिच्या तोंडून. शेवटच्या ओळीचा अर्थ मादामनं विचारला. मी खुणा करून सांगितला. तिनं मला सूप दिलं आणि पाण्याला काय म्हणतात ते दहा वेळा म्हणायला लावलं. काल प्रयोगशाळेत गेले. डिंक्या कुठवर गेला ते पाहायला सरांनी भिंग काढलं, मी नखानं साल खरवडून दाखवलं. सर माझ्या नखाकडेच पाहत राहिले. राहते मी.

गजाननानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

"अजून आहे खाली," केसरबाई म्हणाल्या. "वाचा."

भगवंतरावांनी वाचलं. बाबा, एक विचारायचं आहे. केस वाळत नाहीत, सर्दी जात नाही. कापू का?

भगवंतरावांनी पत्र गुडघ्यावर ठेवलं. वर पाहिलं. आढ्याकडे पाहिलं. सवयीनं हात सुपारीच्या डब्याकडे गेला.

केसरबाईंनी डबा उचलून मागे ठेवला आणि तांदळात हात घातला. तांदूळ झटकलेलं निळं पत्र आणि पेन त्यांनी नवऱ्यापुढे ठेवलं.

"बोला ना जी," त्या म्हणाल्या.

भगवंतरावांनी पेनचं टोपण काढलं. पहिला शब्द त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिला, गजाननालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

"हाव."

मग खाली मान घालून पुढचं लिहिलं: काप. पण वेणी फेकू नको. पेटीत ठेव, येशील तेव्हा घेऊन ये. मायनं घातलेली आहे.