माझ्याकडे ‘झाका’ हा शब्द नाही

मी टीव्हीच्या तळाशी सरकणारी हवामानाची पट्टी बोलतेय. वर बातमीदार घसा फोडत असतो आणि खालून मी मुकाट्याने जात असते. एक चित्र, तालुक्याचं नाव, तापमानाचा आकडा आणि एक वाक्य, एवढाच माझा संसार.

पूर्वी म्हणे एक बाई अंदाज लिहायच्या. खिडकीबाहेर डोकवायच्या आणि मग ‘छत्री असू द्या’ असं काहीतरी जोडायच्या. मी आले ती यंत्रातून. कुठून तरी आकडे येतात, यंत्र ते चाळतं आणि ठरलेल्या वाक्यांतलं एक उचलून माझ्या अंगावर चढवतं. ‘आकाश निरभ्र.’ ‘अंशतः ढगाळ.’ ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरी.’ ही तुरळक ठिकाणं कुठं असतात कोण जाणे. तिथला रहिवासी मला अजून भेटलेला नाही. माझ्या ढगाला तीन थेंब. कुणाच्या घरात पाणी शिरलं तरी तीनच.

प्रत्येक तालुक्याला एकच ठिपका दिलाय. त्या ठिपक्यावर जी हवा, ती सगळ्या तालुक्याची. आंबेगावचा ठिपका यंत्राने गावाचं नाव शोधून ठेवला आणि ते गाव डिंभ्याच्या धरणात कधीच बुडालंय. म्हणजे आंबेगाव म्हणून मी रोज सांगते, ती डोंगराकडच्या पाण्यावरची हवा. हे कुणी तपासून पाहिलं नाही.

याच तालुक्यात, पण धरणापासून लांब मंचरजवळ, गेणभाऊंच्या घरी मला भारी मान होता. त्यांची बायको चिमाबाई त्याच बुडालेल्या गावची लेक. माझी वेळ झाली की हातातलं लसूण सोलणं थांबवायची. “गप बसा रं, माझ्या माहेरचं आलं!” सगळे हसायचे. माहेरी जायला वाट नाही, चूल नाही, भाऊबंद कुठं कुठं पांगलेले. पण नाव अजून टीव्हीवर येतं, याचं तिला कौतुक.

यंदाच्या लग्नसराईत त्या घरात आळे गावची हर्षाली सून होऊन आली. बोलायची कमी, बघायची फार. एकदा पदराने घाम पुसत सासूला म्हणाली, “आत्या, आपण भाजून निघालोय आणि ही गार सांगतीये.”

“पाण्यावर गारच असतंय, बाय. माझ्या माहेरचं सांगती ती.”

पुन्हा सगळे हसले. हर्षाली हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, सापडले!

मग कांदा निघाला. वर्षाचं पीक रानात पातीखाली वाळत पडलेलं. चार दिवस ऊन मिळालं की पात कापून बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, भरायचा आणि भाव येईपर्यंत ठेवायचा. त्यात पाणी शिरलं तर बराखीत आतून सडतो. प्लॅस्टिकचा कागद टाकावा तर घामतो आणि तरी सडतो. झाकायचं की उघडं ठेवायचं, हे सगळं उद्याच्या हवेवर. आणि ती हवा सांगणार मी!

दुपार कलली तशी हवा कोंदली. भरत, हर्षालीचा नवरा, अंगणातूनच ओरडला, “आबा, काळं आलंय लई! कागद टाकू का?”

“घामवतो का कांदा? टीव्ही काय म्हणतोय बघ की!”

भरतने उंबऱ्यातून वाकून मला वाचलं. “आकाश निरभ्र.”

“मग? तुला लई कळतं व्हय?”

माणसांची ही सवय मी पाहिलीय. आधी मला बघतात, मग आभाळ बघतात, आणि दोघांचं जुळलं नाही की शंका आभाळावर घेतात.

खिडकीतून मला ते काळं दिसत होतं. मी काचेमागे तडफडत होते. पण माझ्याकडे ‘पळा’ नाही, ‘झाका’ नाही. माझ्याकडे पिवळाधमक सूर्य होता, आणि तो हसत होता.

हर्षाली चहाची कपबशी घेऊन दारात थांबली होती. सासऱ्याशी ती सरळ कधी बोलली नव्हती. काही सांगायचं तर सासूमार्फत. त्या दिवशी ती तिथूनच म्हणाली, “मामा, ती आपल्याकडचं न्हाई सांगत. धरणावरचं सांगतीये. आत्यांच्या माहेरचं.”

गेणभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले, “घ्या! नवी नवरी टीव्हीच्या चुका काढायला लागली!”

बशी तोंडाला लागायच्या आत पत्र्यावर पहिली गार आदळली.

मग सगळेच धावले. भरत कागद ओढत होता, वारा तो हिसकत होता. हर्षालीने लग्नातलं रुखवताचं ब्लँकेट नेलं, चिमाबाईने गोधड्या. मी घरात एकटी. बाहेर रान पांढरं होत होतं आणि मी म्हणत होते, आकाश निरभ्र. वीज गेली तेव्हा कुठं माझं तोंड बंद झालं.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ पायरीवर एक कांदा घेऊन बसले होते. वरून नुसता एक डाग. अंगठ्याने दाबला, तर बोट आत गेलं.

भरतने वाहिनीला फोन लावला. उचलला तोही यंत्राने. “तक्रारीसाठी दोन दाबा.” दोन दाबलं की “कृपया प्रतीक्षा करा” आणि वर सनई.

“काय सांगायचं त्यांना?” भरतने विचारलं.

चिमाबाईने फोन स्वतःकडे घेतला. “सांगते की. म्हणावं, ते गाव पाण्याखाली हाय. तिथं आता कुणाचं काय वाळत घातलेलं न्हाई. ते नाव काढा तिथनं, आन् आमच्या रानावर ठेवा.”

पलीकडे सनईच वाजत होती. ती सनईलाच सगळं सांगत राहिली, आणि हर्षालीने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आता माझी वेळ झाली की त्या घरात कुणी गप बसत नाही. चिमाबाईचं लसूण सोलणं थांबत नाही. सडलेला कांदा बांधावर टाकलाय, त्याचा वास घरापर्यंत येतो. शेजारच्या शिवारात अजून लोकांचा कांदा उघडाच आहे आणि ते मला बघताहेत.

कुणी ऐकत असेल, तर माझा ठिपका हलवा हो. नाहीतर मला निदान बंद तरी करा. बघा, पूर्वेकडे पुन्हा काळं चढतंय, आणि माझ्या अंगावर सूर्य चढवला जातोय…

आंबेगाव. आकाश निरभ्र.